त्याज्य आणि ग्राह्य : डग्लस क्रॉकफर्ड यांच्या ‘जावास्क्रिप्ट : द गुड पार्ट्स’ या ग्रंथाचे आजच्या वेब-विकसनाच्या संदर्भात पुनर्मूल्यन

प्रस्तावना

संगणकशास्त्रातील ग्रंथांचे आयुष्य सामान्यतः अल्प असते. ज्या साधनाविषयी ग्रंथ लिहिलेला असतो ते साधन चार-पाच वर्षांत बदलते आणि ग्रंथ ग्रंथालयाच्या मागच्या कपाटात जातो. या सामान्य नियमाला जे थोडे अपवाद आहेत त्यांत डग्लस क्रॉकफर्ड यांच्या ‘जावास्क्रिप्ट : द गुड पार्ट्स’ या ग्रंथाचा समावेश करावा लागतो. ओरायली या प्रकाशनसंस्थेने मे २००८ मध्ये प्रसिद्ध केलेला हा ग्रंथ पावणेदोनशे पृष्ठांच्या आसपासचा आहे. त्यात दहा प्रकरणे आणि पाच परिशिष्टे आहेत. त्यानंतर जावास्क्रिप्ट या भाषेत इतके बदल झाले की ग्रंथातील बहुतेक नमुना-आज्ञावली आज कोणी त्या रूपात लिहिणार नाही. तरीही वेब-विकसन शिकविणारा प्राध्यापक आपल्या टिपणांत या ग्रंथातील निर्णय कळत-नकळत वापरत असतो. ते निर्णय कोणत्या पायावर उभे होते, त्यांपैकी कोणते भाषेच्या पुढील इतिहासाने मान्य केले आणि कोणते खोटे पाडले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ग्रंथाची भूमिका

जावास्क्रिप्टची जन्मकथा सर्वश्रुत आहे. मे १९९५ मध्ये ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप कंपनीत अवघ्या दहा दिवसांत तिचा पहिला आराखडा सिद्ध केला. १९९७ साली ‘ईसीएमए-२६२’ या नावाने तिचे प्रमाणीकरण झाले आणि डिसेंबर १९९९ मध्ये तिसरी आवृत्ती आली. त्यानंतर दहा वर्षे भाषा जागची हलली नाही. चौथ्या आवृत्तीचे महत्त्वाकांक्षी काम समितीतील मतभेदांमुळे २००८ साली सोडून देण्यात आले. क्रॉकफर्ड तेव्हा याहू कंपनीत होते आणि चौथ्या आवृत्तीच्या विरोधकांत त्यांचा समावेश होता. ही पार्श्वभूमी लक्षात घेतल्याशिवाय ग्रंथाचा सूर कळत नाही. भाषेत नवे काही घालण्यापेक्षा आहे त्यातील सदोष टाकून द्यावे, ही त्या वादातील त्यांची बाजू होती आणि ग्रंथ त्या बाजूचे लेखी निवेदन आहे.

ग्रंथाची पद्धती एका शब्दात सांगावयाची तर ती नीरक्षीरविवेकाची आहे. भाषा जशी आहे तशी समग्र शिकण्याचे कारण नाही. तिच्यातील उत्तम भाग वेचून त्याचीच एक लहान, सुबक भाषा मानावी आणि उरलेले जणू नाहीच असे समजून लिहावे, असा लेखकाचा आग्रह आहे. हा ग्रंथ नवशिक्यांसाठी नाही, हेही प्रास्ताविकातच सांगितले आहे. आपल्याकडे मात्र तो अनेकदा नवशिक्यांच्याच हाती दिला गेला. तो लहान होता, एवढे कारण त्याला पुरले असावे.

जे निर्णय टिकले

पहिले परिशिष्ट, म्हणजे भाषेतील भयंकर भागांची यादी, हे ग्रंथाचे सर्वांत टिकाऊ पान होय. यादीच्या अग्रभागी सार्वत्रिक व्हेरिएबल आहेत. घोषणा न करता एखाद्या नावाला मूल्य दिले तर भाषा गुपचूप एक सार्वत्रिक व्हेरिएबल निर्माण करीत असे. दोन लेखकांच्या आज्ञावली एका पानावर आल्या की एकाच्या नावावर दुसऱ्याचे मूल्य चढत असे. डिसेंबर २००९ मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीतील ‘स्ट्रिक्ट मोड’ने अशा लेखनाला चूक ठरविले. ‘विथ’ या विधानालाही त्याच मोडमध्ये बंदी झाली. म्हणजे ग्रंथातील तक्रार सुमारे दीड वर्षात प्रमाणभाषेचा नियम झाली.

समानतेच्या चिन्हासंबंधीचा निर्णयही असाच दूरदर्शी आहे. जावास्क्रिप्टमध्ये तुलनेसाठी दुहेरी आणि तिहेरी अशी दोन बरोबरचिन्हे आहेत. दुहेरी चिन्ह तुलनेपूर्वी दोन्ही बाजूंचे प्रकार परस्पर जुळवून घेते. परिणामी रिकामी स्ट्रिंग आणि शून्य ही संख्या समान ठरतात. शून्य ही संख्या आणि शून्याचे चिन्ह असलेली स्ट्रिंगही समान ठरतात. पण रिकामी स्ट्रिंग आणि शून्याची स्ट्रिंग मात्र असमान! गणितात समानतेचा जो संक्रामक गुणधर्म शाळेत शिकविला जातो तो येथे मोडतो. दुहेरी चिन्ह कधीच वापरू नये, हा क्रॉकफर्ड यांचा सल्ला आज जवळजवळ सर्वमान्य आहे.

फंक्शनांचे प्रकरण ग्रंथाचा गाभा आहे आणि तेथे लेखकाची समज सर्वांत खोल जाते. आतील फंक्शनाला बाहेरील फंक्शनाची व्हेरिएबल बाहेरचे फंक्शन संपल्यानंतरही उपलब्ध राहतात, या ‘क्लोजर’च्या गुणावर लेखकाचे प्रेम आहे, आणि त्या प्रेमामुळे त्याचा धोकाही तो दडवीत नाही. एका वळणात अनेक बटणांना क्रमांक दाखविणारी फंक्शने जोडली तर प्रत्येक बटण शेवटचाच क्रमांक दाखविते, हे त्याचे उदाहरण प्रसिद्ध आहे. कारण असे, की फंक्शन त्या क्षणीचे मूल्य धरून ठेवीत नाही, व्हेरिएबल धरून ठेवते; आणि वळण संपेपर्यंत त्या एकाच व्हेरिएबलमधील आकडा शेवटाला पोहोचलेला असतो. मध्ये आणखी एक फंक्शन घालून ग्रंथ यातून वाट काढतो. जून २०१५ मध्ये आलेल्या सहाव्या आवृत्तीतील ‘लेट’ वळणाच्या प्रत्येक फेरीस नवे व्हेरिएबल देते, त्यामुळे ती वाट आज अनावश्यक झाली आहे. मात्र ‘व्हर’च्या जागी ‘लेट’ लिहावे एवढेच ज्या विद्यार्थ्याला सांगितले जाते, त्याला काय सुटले आणि का सुटले हे कळत नाही. वीस वर्षांपूर्वीचा तो दोष फळ्यावर मुद्दाम करून दाखविण्याचे मूल्य येथे आहे.

जेथे आवड नियमाचे रूप घेते

ग्रंथाची दुर्बळ बाजू अशी, की दोष आणि नावड यांत तो भेद करीत नाही. दुहेरी बरोबरचिन्ह टाळावे यामागे तर्क आहे. एक वाढविणारे दुहेरी अधिकचिन्ह टाळावे यामागे मुख्यतः लेखकाची स्वतःची सवय आहे: ते चिन्ह वापरताना आपली आज्ञावली अति घट्ट आणि गूढ होते, असा अनुभव. ‘कंटिन्यू’ हे विधानही याच न्यायाने त्याज्य ठरविले आहे. हे दोन्ही निर्णय आणि समानतेचा निर्णय एकाच ठाम स्वरात, एकाच परिशिष्ट-मालिकेत येतात. वाचकाला तर्काचे वजन आणि स्वराचे वजन वेगळे करता येत नाही.

याहून गंभीर बाब अशी, की ज्याला ग्रंथाने उत्तम म्हटले त्यातही एक दोष लपून राहिला. ऑब्जेक्टवरील प्रकरणात ‘किंवा’ या अर्थाच्या दुहेरी उभ्या रेषेचा उपयोग पर्यायी मूल्य देण्यासाठी करावा असे सुचविले आहे: डावीकडे मूल्य नसेल तर उजवीकडचे घ्यावे. ही रीत पुढे सर्वत्र पसरली. परंतु जावास्क्रिप्टमध्ये शून्य आणि रिकामी स्ट्रिंग यांनाही ‘नाही’ असेच मानले जाते. एखाद्या गुणपत्रिकेच्या आज्ञावलीत ‘गुण, किंवा “अनुपस्थित”’ असे या चिन्हाने लिहिले तर परीक्षेस बसून शून्य गुण मिळविलेला विद्यार्थी अनुपस्थित म्हणून नोंदला जाईल. शून्य असणे आणि काहीच नसणे यांतील फरक परीक्षा विभागात काम केलेल्या कोणाही प्राध्यापकाला समजावून सांगावा लागत नाही. भाषेला तो २०२० च्या आवृत्तीत मान्य झाला: दुहेरी प्रश्नचिन्हाचे नवे चिन्ह डावीकडे ‘नल’ किंवा ‘अनडिफाइन्ड’ असेल तरच उजवीकडे वळते. बारा वर्षे ‘उत्तम भाग’ म्हणून शिकविलेली रीत अशा रीतीने दुरुस्त झाली. समीक्षकाने येथे क्रॉकफर्ड यांना फार दोष देऊ नये. त्यांच्या हाती त्या वेळी दुसरे सोयीचे चिन्ह नव्हते. पण धोक्याची एक ओळ लिहिता आली असती, आणि इतरत्र इतक्या कठोर असलेल्या लेखकाकडून तिची अपेक्षा होती.

वारशासंबंधीचे प्रकरण आज सर्वांत जुने वाटते. ‘न्यू’ आणि त्याच्याशी जोडलेली वर्गसदृश रचना लेखकाला पटत नाही. प्रोटोटाइप आणि फंक्शन यांवर आधारलेल्या रचना तो पुढे करतो. सहाव्या आवृत्तीने मात्र ‘क्लास’ हा शब्द भाषेत आणला आणि २०२२ मध्ये वर्गातील खासगी घटकांचीही सोय झाली. इतिहासाने लेखकाच्या विरुद्ध कौल दिला असे म्हणण्याचा मोह येथे होतो. परंतु फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘रिअ‍ॅक्ट’ या ग्रंथिकेने ‘हुक्स’ आणले आणि तिच्या वापरकर्त्यांचा मोठा भाग वर्ग सोडून फंक्शन व क्लोजर यांकडे परतला. प्रकरण अद्याप मिटलेले नाही.

नियमांचे यंत्र

क्रॉकफर्ड यांनी आपले निर्णय कागदावर ठेवले नाहीत. २००२ पासून ‘जेएसलिंट’ या तपासणी-साधनात ते घातले होते आणि ग्रंथाचे तिसरे परिशिष्ट त्याविषयीच आहे. हे साधन लेखकाइतकेच हट्टी होते. त्याला कंटाळून २०११ मध्ये ‘जेएसहिंट’ ही वेगळी शाखा निघाली आणि २०१३ मध्ये निकोलस झाकस यांनी ‘ईएसलिंट’ सुरू केले, ज्यात प्रत्येक नियम चालू-बंद करता येतो आणि नवे नियम बाहेरून जोडता येतात. २०१७ मध्ये आलेल्या ‘प्रिटिअर’ने मांडणीचा प्रश्न तर लेखकाच्या हातूनच काढून घेतला.

या बदलाचे स्वागत करताना एक गोष्ट नजरेआड होते. जेएसलिंटचा वापरकर्ता एका माणसाशी भांडत असे. त्या माणसाचे म्हणणे ग्रंथात छापलेले होते आणि ते खोडून काढता येत होते. ईएसलिंटचा विद्यार्थी-वापरकर्ता बहुधा कोणाची तरी तयार नियमावली उचलतो. लाल रेघ उमटली की ती घालविण्यासाठी काय करावे हे तो शोधतो. नियम कोणी व का केला हे विचारण्याची जागाच उरत नाही. स्वातंत्र्य साधनाला मिळाले, विद्यार्थ्याला मिळालेच असे नाही.

मॉड्यूल आणि परावलंबन

ग्रंथात क्लोजरच्या आधारे मॉड्यूल बांधण्याची रीत सांगितली आहे: एक फंक्शन तात्काळ चालवावे, त्याच्या आत खासगी व्हेरिएबल ठेवावीत आणि बाहेर फक्त हवी ती फंक्शने द्यावीत. भाषेत मॉड्यूलची सोय नसताना ती क्लोजरमधून निर्माण करणे, ही त्या काळातील खरी कल्पकता होय. २००९ मध्ये रायन डाल यांचे ‘नोड’ आले, त्याबरोबर ‘कॉमनजेएस’ची मॉड्यूल-रचना रुळली, २०१० मध्ये ‘एनपीएम’ हे भांडार सुरू झाले आणि २०१५ मध्ये ‘इम्पोर्ट’ व ‘एक्स्पोर्ट’ हे भाषेचेच शब्द झाले. आज हाताने मॉड्यूल बांधावे लागत नाही. ते मागवावे लागते.

मागविणे किती सोपे आणि किती महाग पडू शकते याचे उदाहरण २२ मार्च २०१६ रोजी घडले. नावाच्या हक्कावरून झालेल्या वादात एका विकसकाने आपली सर्व पॅकेजे एनपीएमवरून काढून घेतली. त्यांत ‘लेफ्ट-पॅड’ नावाचे अकरा ओळींचे एक पॅकेज होते. स्ट्रिंगच्या डाव्या बाजूस ठरावीक लांबीपर्यंत चिन्हे भरणे एवढेच त्याचे काम. त्यावर अप्रत्यक्षपणे अवलंबून असलेले असंख्य प्रकल्प त्या दिवशी उभारता येईनात, आणि काही तासांत एनपीएमला ते पॅकेज परत आणावे लागले. पुढच्याच वर्षी, २०१७ च्या आवृत्तीत, हेच काम करणारे ‘पॅडस्टार्ट’ भाषेत आले. त्यापुढील घटना अधिक वाईट होत्या. २०१८ मध्ये ‘इव्हेंट-स्ट्रीम’ या पॅकेजची देखभाल विश्वासाने दुसऱ्याकडे सोपविली गेली आणि नव्या देखभालकर्त्याने बिटकॉइनच्या पाकिटांवर डोळा ठेवणारे परावलंबन त्यात घुसविले. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘चॉक’ व ‘डिबग’ यांसारखी अत्यंत प्रचलित पॅकेजे फसव्या ईमेलच्या मार्गाने काही काळ दूषित झाली.

वर्गातील प्रात्यक्षिकाच्या दृष्टीने यातून दोन ठोस गोष्टी शिकविण्यासारख्या आहेत. पॅकेजच्या आवृत्तीआधी लिहिलेले काकपदासारखे चिन्ह ‘एवढ्याच मुख्य आवृत्तीतील नवीनही चालेल’ असे सांगते. त्यामुळे आज आणि महिन्याने केलेली स्थापना एकसारखी असेलच असे नाही. ‘पॅकेज-लॉक’ ही फाइल, जी एनपीएमच्या पाचव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून, आपोआप तयार होते, ती प्रत्येक परावलंबनाची नेमकी आवृत्ती गोठविते. आणि ‘एनपीएम सीआय’ ही आज्ञा त्या फाइलप्रमाणेच स्थापना करते. प्रकल्प सादर करताना ही फाइल कचरा समजून काढून टाकणारे विद्यार्थी प्रत्येक तुकडीत आढळतात.

ग्रंथात जे नाही

ग्रंथ मुद्दामच ब्राउझरच्या ‘डॉम’विषयी बोलत नाही. तो वगळणे समर्थनीय होते. काळाचा विचार जवळजवळ नसणे ही मात्र मोठी उणीव आहे. ‘कॉलबॅक’वर एक छोटा परिच्छेद आहे, त्यापलीकडे, उत्तर नंतर येणार आहे अशा कामांची रचना कशी करावी याची चर्चा नाही. आजच्या वेब-विकसनातील अनेक अडचणी येथेच उगवतात. २०१५ मध्ये ‘प्रॉमिस’ आणि २०१७ मध्ये ‘असिंक-अवेट’ आल्याने आज्ञावली वरून खाली सरळ वाचता येते; पण सरळ दिसणे फसवे आहे. परस्परांशी संबंध नसलेल्या दहा मागण्या वळणात एकेक ‘अवेट’ लावून केल्या तर त्या एकामागून एक होतात आणि लागणाऱ्या वेळेची बेरीज होते. ‘प्रॉमिस-ऑल’ने एकत्र केल्या तर साधारणतः सर्वांत मंद मागणीइतकाच वेळ लागतो. ‘फॉर-ईच’मध्ये असिंक फंक्शन दिले तर ते कोणासाठी थांबतच नाही. रांगेतील एकच खिडकी आणि टोकन घेऊन बाकावर बसलेले लोक, हे ‘इव्हेंट लूप’चे चित्र आपल्याकडील कोणत्याही बँकेत पाहता येते, खिडकीवरचा कारकून एकच असतो, हे विसरले की गोंधळ होतो.

प्रकारांविषयीही असेच म्हणता येईल. ऑक्टोबर २०१२ मध्ये अँडर्स हेल्सबर्ग यांच्या नेतृत्वाखाली मायक्रोसॉफ्टने ‘टाइपस्क्रिप्ट’ प्रसिद्ध केली. क्रॉकफर्ड यांना सैल प्रकारव्यवस्था हा भाषेचा गुण वाटत होता; उद्योगाचा कल उलट दिशेने गेला. तथापि टाइपस्क्रिप्टचे प्रकार संकलनानंतर पुसले जातात. बाहेरून येणारी माहिती खरोखर त्या प्रकाराची आहे काय, याची खात्री आज्ञावली चालताना कोणी करीत नाही. ती माहिती बहुधा ‘जेसन’ या स्वरूपात येते, आणि जेसन हा क्रॉकफर्ड यांनीच २००१ च्या सुमारास नावारूपास आणलेला प्रकार ग्रंथाच्या अखेरच्या परिशिष्टाचा विषय आहे. परक्याकडून आलेला मजकूर ‘इव्हॅल’ने चालवू नये, आधी तपासावा, ही तेथील सूचना टाइपस्क्रिप्टच्या वापरकर्त्यासाठीही जशीच्या तशी लागू पडते.

देवनागरीचा प्रश्न

मराठी विद्यापीठांत हा विषय शिकविणाऱ्यांसाठी ग्रंथातील एक लहानशी नोंद विशेष महत्त्वाची आहे. जावास्क्रिप्ट घडली तेव्हा युनिकोड सोळा बिटांत मावेल असे मानले गेले होते, हा भयंकर भागांतील एक दोष लेखकाने नोंदविला आहे. नियमित अभिव्यक्तींच्या प्रकरणात ‘शब्दातील अक्षर’ दर्शविणारे चिन्ह जगातील खऱ्या भाषांसाठी निरुपयोगी आहे, असाही शेरा आहे. लेखकाने मराठीचा विचार केला नसेल. पण शेरा मराठीला तंतोतंत लागू पडतो. हे चिन्ह केवळ रोमन अक्षरे, इंग्रजी अंक आणि अधोरेषा ओळखते. त्यावर आधारलेल्या अर्जात मराठी नाव भरले की ते ‘अवैध’ ठरते. २०१८ च्या आवृत्तीत युनिकोडच्या गुणधर्मानुसार अक्षर शोधण्याची सोय झाली. येथेही केवळ ‘अक्षर’ हा गुणधर्म मागितला तर ‘क’ सापडतो, ‘की’मधील वेलांटी सापडत नाही, कारण काना-मात्रा-वेलांटी आणि हलन्तचिन्ह युनिकोडमध्ये ‘चिन्ह’ या वेगळ्या गटात आहेत. दोन्ही गट मागावे लागतात.

‘नमस्ते’ या शब्दाची लांबी जावास्क्रिप्ट सहा सांगते; वाचणारा तीन अक्षरे मोजतो. शब्द उलटा करण्याचे प्रात्यक्षिक, जे रोमन लिपीत पहिल्या आठवड्यात करून घेतले जाते, ते या शब्दावर केले की मात्रा आणि हलन्त जागा सोडून भलत्याच अक्षरांना चिकटतात. ‘इंटल’मधील ‘सेगमेंटर’ हे साधन, जे २०२४ पासून सर्व प्रमुख ब्राउझरांत उपलब्ध आहे, अशा विभाजनासाठीच आहे. जोडाक्षरांच्या बाबतीत त्याचे उत्तर ब्राउझरमधील युनिकोडच्या आवृत्तीवर अवलंबून राहते, हे मात्र पाहून घ्यावे लागते. अंकांची गंमत आणखी निराळी. मराठीचा संकेत देऊन संख्या छापली तर भाषा ‘१२,३४,५६७’ असे लाख-कोटींच्या स्वल्पविरामांसह सुंदर छापते. हाच मजकूर वापरकर्त्याने परत भरला तर तिला तो संख्या म्हणून वाचता येत नाही. स्वल्पविराम काढून टाकले तरीही नाही. देवनागरी अंक ती लिहू शकते, वाचू शकत नाही.

अध्यापनातील स्थान

ग्रंथ आज क्रमिक पुस्तक म्हणून लावता येणार नाही. वारशाचे प्रकरण आणि शैलीचे प्रकरण वगळण्यास हरकत नाही. फंक्शनांचे प्रकरण आणि पहिली दोन परिशिष्टे मात्र कोणत्याही चौकटीची ओळख होण्यापूर्वी वाचून घ्यावीत. चौकटींचे आयुष्य काय असते हे ‘क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप’च्या उदाहरणावरून दिसते: २०१६ मध्ये आलेले आणि अनेक वर्षे शिकविण्याचा पहिला पाठ ठरलेले हे साधन फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच्या कर्त्यांनीच कालबाह्य घोषित केले. त्या पाठातील आज्ञा आज निरुपयोगी आहेत. परिशिष्टांतील प्रत्येक नोंद मात्र ब्राउझरच्या कन्सोलवर एकेक करून चालविता येते: ‘रिटर्न’नंतर ओळ मोडल्यावर आपोआप पडणारा अर्धविराम, ‘नल’चा प्रकार ‘ऑब्जेक्ट’ सांगणारा ‘टाइपऑफ’, दशमान एक-दशांश आणि दोन-दशांश यांची चुकणारी बेरीज. हे तिन्ही आजही जसेच्या तसे घडते, कारण जुनी पाने मोडू नयेत म्हणून भाषा आपला कोणताही दोष सहसा मागे घेत नाही. सुमारे दोन तासिकांत हे काम होते. विद्यार्थ्यांनी प्रत्येक नोंदीपुढे ‘अजून आहे’, ‘स्ट्रिक्ट मोडमध्ये नाही’ किंवा ‘लेखकाची नावड’ यांपैकी एक शेरा लिहावा आणि तिसऱ्या शेऱ्यासाठी लेखकाविरुद्ध कारण द्यावे.